टेबलाखालचा डबा

घरात त्याला पीसी कोणी म्हणत नाही, संगणक तर नाहीच नाही. तो डबा. ‘डबा चालू आहे का?’, ‘डब्याच्या मागची वायर निघालीय’, ‘डब्यावर ओला टॉवेल टाकू नकोस गं.’ मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत या खोक्याला कॅबिनेट म्हणतात, आणि कचेऱ्यांपासून कॉम्प्युटर क्लासपर्यंत सगळीकडे अख्ख्या खोक्यालाच सीपीयू म्हणायची रीत आहे. खरा सीपीयू आत पंख्याखाली बसलेला असतो, लहान बिस्किटाएवढा चौकोनी तुकडा. पण माणसाला आपण त्याच्या मेंदूच्या नावाने हाक मारत नाही. म्हणून मला डबा हेच नाव बरोबर वाटतं.

काळ्या पत्र्याचा, माझ्या गुडघ्याएवढा उंच, समोर एक निळा दिवा. डाव्या कुशीचा पत्रा इतक्या वेळा काढला-लावला आहे की त्याची कड जराशी वाकली आहे. मागचे दोन स्क्रू मी हातानेच फिरवते. समोरचं हेडफोनचं भोक पहिल्याच पावसाळ्यात गेलं, म्हणून वायर पाठीमागून निघते, टेबलाच्या पायाला वळसा घालते आणि मग माझ्या कानापर्यंत पोचते. मे महिन्यात डोंबिवलीच्या दुपारी तो तापतो, त्याचे पंखे चढ्या आवाजात घुमायला लागतात, आणि मी टेबलफॅनचं तोंड आधी त्याच्याकडे वळवते. डिसेंबरातल्या मोजक्या थंड रात्री पाय आपोआप त्याच्या जवळ सरकतात.

तो २०१६ च्या ऑक्टोबरात आमच्याकडे आला, नोटबंदीच्या तीन आठवडे आधी, रोख पैसे मोजून. लॅमिंग्टन रोडला दुकानं पालथी घालत होते आणि दुकानदार पाठकोऱ्या कागदांवर भाव लिहून देत होते: बोर्ड इतक्याला, रॅम इतक्याला. सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह आणि जीटीएक्स १०६० हे ग्राफिक्स कार्ड. ते कार्ड त्याच वर्षी जुलैत बाजारात आलं होतं. संध्याकाळी जोडलेलं खोकं घेऊन टॅक्सीने भायखळ्याला गेले आणि डोंबिवली स्लोच्या मालडब्यात चढले. एका काकांनी आपली गोणी पायाने सरकवून जागा करून दिली.

‘टीव्ही काय ताई?’

‘कॉम्प्युटर.’

‘मग उभाच ठेवा, आडवा नका करू.’

डोंबिवलीपर्यंत त्यांनी एक हात त्या खोक्यावर ठेवला होता.

आठ महिन्यांनी तो मेला, असं वाटलं. खाट् असा आवाज, जळका वास, आणि निळा दिवा गेला. दुकानदाराने मला न विचारता स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा भाग, आत घातला होता, तो जळला. दुकान हात वर करून मोकळं झालं. मी ठाण्याहून चांगला एसएमपीएस आणला, स्टुलावर बसून डावा पत्रा काढला आणि एकेक वायर कुठून कुठे जाते त्याचं चित्र वहीत काढून घेतलं. दोन तास लागले. बटण दाबलं, तो नेहमीसारखा एकदाच ‘टुक्’ बोलला आणि निळा दिवा लागला. मी तिथेच फरशीवर बसून राहिले. त्या दिवसापासून तो माझा झाला, विकत घेतल्याच्या दिवसापासून नाही.

पीसीवर खेळणाऱ्यांना विचारा, तुमचा जीव यात का? बरेच जण चित्राची स्पष्टता सांगतील, गती सांगतील. माझं उत्तर हा डावा पत्रा आहे. फोन बिघडला तर तो कोणाच्या तरी हवाली करावा लागतो. डबा बिघडला की तो आधी सांगतो आणि मग उघडू देतो. पावसाळ्यात रॅमच्या पट्टीवर ओल धरली की तो लांब सूर काढून ओरडतो. पट्टी काढायची, तिच्या सोनेरी कडेवरून शाळेतलं खोडरबर हलक्या हाताने फिरवायचं, परत बसवायची. एवढंच औषध. २०१८ साली त्याला एसएसडी ही वेगवान डिस्क मिळाली आणि त्याचं उठणं दीड मिनिटावरून पंधरा सेकंदांवर आलं. २०२० मध्ये रॅम दुप्पट झाली. २०२१ मध्ये नवं कार्ड घ्यायचं ठरवलं होतं, पण तेव्हा चिपांचा तुटवडा होता, क्रिप्टो खणणारे लोक कार्डं गठ्ठ्याने उचलत होते आणि भाव कुठच्या कुठे गेले होते. जुनंच कार्ड राहिलं. त्याचं मला आज काहीच वाईट वाटत नाही. स्टीम या खेळांच्या ऑनलाइन दुकानाच्या दरमहाच्या पाहणीत हेच कार्ड कित्येक वर्षं पहिल्या नंबरवर होतं, म्हणजे जगभर माझ्यासारख्याच लोकांच्या टेबलाखाली ते राबत होतं.

आता त्याच्या दुसऱ्या गुणाकडे येते. त्यासाठी वाईला जावं लागेल.

वाईला आजीकडे श्रावण लागला की दुपारी सोप्यावर पोथी असायची. शेजारचे एक आजोबा श्रीधरकवींचा ‘हरिविजय’ हा कृष्णकथेचा ग्रंथ वाचायचे. छत्तीस अध्याय, रोज एक. समोर सात-आठ बायका. त्यातली एकही नुसती बसून ऐकत नसे. आजी वाती वळायची. मांडीवर कापूस, बोटांना राख, आणि अध्याय संपेपर्यंत पुढ्यात फुलवातींचा ढीग. कोणी घेवडा मोडायची, कोणी तांदूळ निवडायची. मला आठवतं, कालियामर्दनाच्या वेळी आजीची बोटं थांबली नाहीत, पण तिचे डोळे आजोबांच्या तोंडावरून हललेही नाहीत. हात एकीकडे आणि मन दुसरीकडे, पण दोन्ही पूर्णपणे. लांब गोष्ट ऐकायची ही आपल्याकडची जुनी, मुरलेली पद्धत आहे. पुस्तक हातात धरून एकट्याने मुकाट्याने वाचणं त्यामानाने अलीकडचं.

डबा मला नेमकी ही सोय देतो. त्याच्यात व्हॉल्यूम मिक्सर नावाची एक साधी जागा आहे. तिथे प्रत्येक प्रोग्रॅमची वेगळी पट्टी असते. खेळाचा आवाज खाली, वीसवर. ऑडिओबुकचा वर, ऐंशीवर. पडद्यावर हात राबतात, कानात गोष्ट चालते. कापूस आणि पोथी.

२०२४ च्या श्रावणात मी ‘द व्हील ऑफ टाइम’ ऐकायला घेतलं. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाची चौदा कादंबऱ्यांची फँटसी कथा, पहिली १९९० ची, शेवटची २०१३ ची. सगळं ध्वनिमुद्रण मिळून साडेचारशे तासांच्या घरात जातं. रोज एक तास धरला तरी सव्वा वर्ष. हे आकडे सांगितले की लोक मला विचारतात, इतका वेळ असतो तुझ्याकडे? वेळ नसतो. दिवसभर मी जीएसटीची विवरणपत्रं भरते. पण रात्री दहा ते अकरा मी मालिका बघत नाही, हातात फोन घेऊन सरकवत बसत नाही. तेवढा तास डब्याचा.

मायकेल क्रेमर आणि केट रीडिंग ही दोघं ती कथा वाचतात. नवरा-बायको आहेत ती. प्रकरण पुरुषाच्या नजरेतून असेल तर क्रेमर, बाईच्या नजरेतून असेल तर रीडिंग. शेकडो पात्रं, पण ती नाटकी सोंगं काढत नाहीत. आवाजाची पट्टी जरा बदलते, शब्दावरचा भार बदलतो, आणि कोण बोलतंय ते कळतं. आपल्याकडच्या अभिवाचनात हल्ली पार्श्वसंगीत आणि दारांचे आवाज भरायची हौस वाढली आहे. माझं मत याच्या उलट आहे. चांगला आवाज असेल तर दार उघडल्याचं वाक्य पुरतं, कुरकुर नको.

या मालिकेतलं दहावं पुस्तक, २००३ सालचं, वाचकांमध्ये रटाळ म्हणून बदनाम आहे. पानंच्या पानं प्रवास, चहा, कपड्यांवरची भरतकामं, बायकांच्या मसलती. छापील पुस्तकात मीही ते कदाचित मिटलं असतं. पण कानाने ऐकताना त्याच पानांचा मला लळा लागला. तिथे काही घडत नाही हे खरं, पण माणसं नुसती राहतात, आणि त्यांच्यासोबत आपणही राहतो. पुढे त्यांच्यातलं कोणी संकटात सापडलं की जीव तुटतो तो त्या चहामुळे. लांब फँटसी ही कानाचीच चीज आहे, असं माझं ठाम मत तिथे झालं.

या ऐकण्याला कुठला खेळ द्यायचा, याचा मी फार विचार केला आहे. पहिला मान ‘युरो ट्रक सिम्युलेटर २’ चा. प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरने २०१२ मध्ये आणलेला हा खेळ. शत्रू नाही, बंदूक नाही. माल उचलायचा, युरोप ओलांडायचा, वेळेत पोचवायचा. कॅलेहून निघायचं, काचेवर पाऊस, वायपर, पुढे जर्मनीचा हमरस्ता. बोगद्यातून किंवा बोटीने इंग्लंडात उतरलं की रस्त्याची बाजू बदलते आणि गाडी आपल्यासारखी डावीकडून चालते. त्या क्षणी मला दर वेळी हायसं वाटतं. ‘व्हील ऑफ टाइम’च्या पहिल्या कादंबरीत शादार लोगोथ नावाचं एक ओसाड, शापित शहर आहे. ते प्रकरण ऐकताना मी रॉटरडॅमच्या बंदराकडे पोलादाच्या गुंडाळ्या नेत होते आणि पाऊस होता. आता ते शहर आठवलं की मला ओले कंटेनर दिसतात. पुस्तकातल्या जागेला अशी दुसरी जागा चिकटणं, हे मला वाचनाने कधी दिलं नव्हतं.

दुसरा ‘स्टारड्यू व्हॅली’. एरिक बॅरोन या एकाच माणसाने चारेक वर्षं खपून चित्रं, संगीत, लेखन सगळं स्वतः केलं आणि २०१६ मध्ये ते शेत लोकांच्या हाती दिलं. पेरायचं, पाणी घालायचं, गायीच्या पाठीवरून हात फिरवायचा. त्याचं संगीत इतकं गोड आहे की गोष्टीसाठी ते बंद करताना दर वेळी मन खातं.

सगळेच खेळ मात्र असे वाटून घ्यायचे नसतात. ‘द विचर ३’ ला मी एक मिनिटसुद्धा दुसरा आवाज दिला नाही. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा हा २०१५ चा खेळ, आंद्रेय सापकोव्स्की यांच्या कथांवरून घेतलेला. त्यात वेलेनच्या दलदलीत एक दारुडा सरदार नायकाला आपली बायको आणि मुलगी शोधून द्यायला सांगतो. शोधता शोधता कळत जातं की त्या घरात काय घडत होतं, आणि त्या दोघी का गेल्या. अपराधी माणसाची दया यावी की चीड, हे तो खेळ ठरवून देत नाही. डब्याने ते सगळं न अडखळता दाखवलं. ‘बाल्डर्स गेट ३’ ला मात्र त्याची परीक्षा झाली. बेल्जियमच्या लॅरियनने तो ऑगस्ट २०२३ मध्ये आणला. पहिले दोन भाग डब्याने निभावले. तिसऱ्या भागात खेळ भर शहरात शिरतो, रस्त्यात शेकडो माणसं, प्रत्येकाची काही ना काही हालचाल, आणि चार कोअरच्या या म्हाताऱ्या प्रोसेसरला धाप लागली. मी चित्राचा दर्जा उतरवला, गर्दी कमी केली, बाजूचा पत्रा काढून ठेवला. दीड महिना लागला, पण त्याने शेवटपर्यंत नेलं.

भाचा सुटीत आला होता. बारावीतला. तो सगळं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतो.

‘मावशी, तू एकपटीने का ऐकतेस? अर्ध्या वेळात संपेल ना.’

मी त्याला शेजारी बसवलं आणि एक प्रसंग दोनदा लावला. एकदा त्याच्या वेगाने, एकदा क्रेमरच्या. त्यात एका वाक्यानंतर क्रेमर थांबतो. फार नाही, एक श्वास. दुप्पट वेगात तो श्वास नाहीसा होतो आणि वाक्य नुसती माहिती होऊन जातं. कीर्तनकार बोलता बोलता थांबतो तिथे मृदंग वाजतो. ती जागा कापून टाकली तर कीर्तन कसलं? भाच्याला पटलं की नाही, त्याने सांगितलं नाही. पण त्या रात्री तो माझ्याबरोबर ऐकत बसला आणि बाराला झोपला.

मी लहान असताना नात्यातल्या एका दादाच्या ऑफिसात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळले होते. त्यात राजकन्येला सोडवायला एक तासाची मुदत असते. घड्याळ संपलं की खेळ संपला. मला ते घड्याळ कधीच आवडलं नाही. चाळिशी ओलांडल्यावर मला घड्याळ नसलेले खेळ आणि न संपणाऱ्या गोष्टी मिळाल्या, याचा मला मनापासून आनंद आहे.

एक गोष्ट मात्र बोचते. ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम खरेदीच्या वेळी स्पष्ट लिहून दाखवतं की तुम्ही खेळ विकत घेत नाही, वापराचा परवाना घेता आहात. बहुतेक ऑडिओबुकांचीही तीच गत. आजीची पोथी लाल कापडात बांधलेली होती आणि ती आता माझ्या कपाटात आहे. माझे साडेचारशे तास मी कोणाच्या कपाटात ठेवणार? म्हणून शक्य तिथे मी जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानातून खेळ घेते. ते पूर्ण फाइल देतात, ती मी वेगळ्या डिस्कवर उतरवून, नाव-तारीख लिहून ठेवली आहे. जिथे फाइल हातात मिळते तिथे आधी पैसे द्यावेत, असं माझं मत आहे.

आणि एक मागणं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ हा खेळ काढला. आपल्या भावाच्या शोधात निघालेल्या मुलीची गोष्ट, आणि ती दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत सांगतात. खेळताना मला वाईचा सोपा आठवला. पुण्यात खेळ घडू शकतो, तर चाळीस-पन्नास तासांची, कल्पनेतल्या राज्याची, कसदार मराठीत बेतलेली आणि एकाच दमदार आवाजाने वाचलेली मूळ मराठी गोष्टही घडू शकते. आपल्याकडे लेखक आहेत, रंगभूमीवर तयार झालेले आवाज आहेत. रोज एक करत छत्तीस अध्याय ऐकणाऱ्यांची आपण नातवंडं आहोत. लांबीला भिऊ नये.

२०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला आला. दर वर्षीप्रमाणे डब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. आईने त्याच्यासमोर साखर ठेवली. बारा दिवसांनी, १४ ऑक्टोबरला, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार काढून घेतला. विंडोज ११ ला साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढचा इंटेल प्रोसेसर हवा, आणि हा सहाव्या पिढीचा. पडद्यावर सारखी सूचना येत होती: नवा पीसी घ्या. काम करणारं, एक पंखा बदलला तर अजून काही वर्षं टिकणारं यंत्र कॅलेंडरातल्या एका तारखेने निकामी ठरवायचं, हे मला मान्य नाही. मी विंडोजऐवजी लिनक्स मिंट उतरवलं. एका शनिवारी जुनं सगळं पुसून ते घातलं. ट्रकचा खेळ लिनक्सवर थेट चालतो, ‘स्टारड्यू’ही. ‘विचर’ प्रोटॉनमधून चालतो, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवायची ती सोय आहे. व्हॉल्यूम मिक्सर तिथेही आहे, वीस आणि ऐंशी परत लावलं.

त्याच आठवड्यात मी ‘व्हील ऑफ टाइम’चं बारावं पुस्तक ऐकायला घेतलं. जॉर्डन २००७ मध्ये गेले, कथा अपुरी ठेवून. त्यांची पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅकडूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाकडे टिपणं सोपवली, आणि शेवटची तीन पुस्तकं त्याने लिहिली. बाराव्यात वाक्यांची चाल बदललेली कळते, वाक्यं आखूड होतात, घटना भराभर येतात. पण वाचणारी तीच दोघं आहेत. क्रेमरने पहिलं वाक्य उच्चारलं आणि टेबलाखाली तेच पंखे, त्याच सुरात घुमत होते.

आता चौदावं चालू आहे. त्यात शेवटच्या युद्धाचं एकच प्रकरण लहानशा कादंबरीएवढं आहे. ते येईल तेव्हा मी ट्रक बाजूला उभा करणार आहे आणि नुसती ऐकणार आहे. त्याआधी रविवारी डावा पत्रा काढून धूळ झाडायची आहे. थर्मल पेस्टची नळी आणून ठेवली आहे, खोडरबर ड्रॉवरमध्ये आहे.